पुराव्याचे बारा मासे

मी फ्रीज बोलतोय. एका दाराचा, मरून रंगाचा, पोटावर पांढरी फुलं असलेला. हसू नका! मला घेतलं तेव्हा अशा फुलांची फॅशन होती. आता कडेनं गंज चढलाय, पुढचा एक पाय तुटलाय आणि त्याखाली लाकडाची चकती सरकवलेली आहे. पण डोकं अजून थंड आहे. ज्या घरात मी सतरा वर्षं काढली, तिथं थंड डोक्याचा मी एकटाच होतो.

जन्म कारखान्यातला. तिथं कसले लाड आणि कसलं काय! एकानं पाठीला नळ्या बसवल्या, दुसऱ्यानं गॅस भरला, तिसऱ्यानं तीनदा दार आपटून बघितलं आणि ‘ओके’ म्हणाला. मग खोक्यात घालून मला दिल्लीला पाठवलं. दुकानात आठवडाभर उभा होतो, तेवढ्यात हेरंबराव आले. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अधिकारी, स्वभावानं गरीब, पण कागदांच्या बाबतीत भारी कडक. त्यांनी माझं गॅरंटी कार्ड दोनदा वाचलं आणि मगच माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा ते सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे. घरात बायको सुनयनाबाई, माहेर वेंगुर्ल्याचं, आणि मुलगी स्वप्नाली, पहिलीतली. पहिल्याच दिवशी ती पोरगी माझं दार उघडून आत डोकं घालून बसली. दिवा कोण लावतं ते तिला बघायचं होतं. दहा मिनिटं बसली असेल. शेवटी सुनयनाबाईंनी कान धरून बाहेर काढली.

पुढे ती क्वार्टर पाडायला काढली आणि आम्ही लक्ष्मीबाई नगरला आलो. टेम्पोत चढवताना हेरंबराव सारखे ओरडत होते, “अरे भैया, लिटाना मत, खड़ा रखो!” त्या माणसांनी मान डोलावली आणि मला आडवा केला. तेव्हापासून माझ्या कंप्रेसरला धाप लागते. घरातले म्हणतात, आवाज करतो. तुम्हाला आडवं घालून खड्ड्यांतून नेलं असतं, मग कळलं असतं.

माणसांचं एक मला अजून समजलेलं नाही. भूक नसताना येतात, दार उघडतात, आत बघतात, बंद करतात. पाच मिनिटांनी परत येऊन बघतात. मधल्या वेळात मी काय स्वयंपाक करतो? हेरंबरावांची तऱ्हा आणखी वेगळी. माझ्या दाराला ते नोटीस बोर्ड समजायचे. गॅसचं बिल, पाणी बंदची सूचना, लग्नाची पत्रिका, सगळं एकाच लोहचुंबकाखाली. नवा कागद आला की जुन्यावर. “फाइलला नवीन कागद वरच लावायचा असतो,” असं ते अभिमानानं सांगायचे. या सवयीनं पुढे घात केला.

आणि सुनयनाबाईंचे नियम! सोमवारी मासे नाहीत, गुरुवारी नाहीत, संकष्टीला नाहीत, एकादशीला नाहीत. उरलेल्या दिवशी मात्र मासे नसतील तर तोंड एवढंसं व्हायचं. श्रावण लागायच्या आधी मला आतून बाहेरून धुऊन, लिंबाच्या पाण्यानं पुसून लख्ख करायच्या. मग महिनाभर माझ्यात दूध, दही, भाजी आणि देवाची फुलं. मीही श्रावण पाळायचो म्हणा ना. कुणी विचारलं नाही, पण पाळायचो.

स्वप्नाली मोठी झाली, एमएस्सी झाली आणि तिच्या डोक्यात समुद्र शिरला. समुद्रातल्या प्राण्यांची जनुकं वाचायची, कोण कुणाच्या कुळातला, कोण कुठून कुठे पोहत गेला, ते शोधायचं, यातच पीएचडी करायची.

“दिल्लीत राहून?” हेरंबराव म्हणाले. “अगं, इथं यमुनेत पाय घालायची सोय नाही!”

“बाबा, समुद्र बर्फात घालून रोज येतो ना दिल्लीत. मासळी बाजारात जाऊन बघा.”

किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेत पीएचडीच्या जागा निघाल्या होत्या. अख्ख्या देशातून दोन. अर्जासोबत प्रत्येकानं स्वतःचं एक छोटं संशोधन करून दाखवायचं होतं. स्वप्नालीनं विषय घेतला, दिल्लीत ज्या नावानं मासा विकतात तो खरंच तोच असतो का. बापलेकीचा करार झाला. ही शेवटची संधी. जागा मिळाली तर समुद्र, नाही तर मुकाट्यानं यूपीएससीचा क्लास. क्लासचा फॉर्म हेरंबरावांनी आधीच भरून ठेवला होता आणि तोही माझ्याच दारावर लावला होता. पोरगी दूध काढायला आली की तो फॉर्म बघायची आणि दार जरा जोरातच लावायची. मी काही मनावर घेतलं नाही.

तर संशोधन असं चालायचं. ती मासा आणायची, शेपटीजवळचा नखाएवढा तुकडा कापून स्पिरिटच्या नळीत घालायची, नळीवर नंबर टाकायची, माशाच्या शेपटीला त्याच नंबरची दोऱ्याची चिठ्ठी बांधायची. नळ्यांचा डबा माझ्या बर्फाच्या कप्प्यात राहायचा. फोटो काढून झाले की उरलेला मासा स्वयंपाकघरात. विज्ञानाला तुकडा आणि घराला कालवण. सुनयनाबाई खूश होत्या. “असला अभ्यास तू आधीच का नाही घेतलास गं?” म्हणाल्या.

जुलैत तर चंगळ झाली. उत्तरेकडच्या लोकांचा सावन आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. गिऱ्हाईक पांगलं आणि बाजारात निवडून निवडून मासे मिळायला लागले. समोरच्या चतुर्वेदी आंटींना तो वास सहन होईना. पदर नाकाला लावून दारात आल्या. “सुनयनाजी, आप लोगों का सावन शुरू नहीं हुआ अभी तक?”

“हमारा पंद्रह दिन बाद आता है, दीदी.”

“अच्छा? महाराष्ट्र में देर से पहुँचता है क्या?”

सुनयनाबाईंनी त्यांना अमावास्या-पौर्णिमेचा सगळा हिशोब समजावला. आंटींनी ऐकून घेतला, पण पटल्यासारखं दिसलं नाही.

अशात संस्थेचं पत्र आलं. शेवटचे बारा मासे अख्खे जपून ठेवा. नळीतला तुकडा कुठल्या माशाचा हे उद्या कुणी विचारलं, तर मासा साक्षीला हवा. मंगळवारी स्वप्नाली चार बाजार हिंडली आणि वीतवीतभर लांबीचे बारा मासे घेऊन आली. बांगडे, छोटी पापलेटं, सुरमईची पिल्लं. तुकडे नळ्यांत गेले, शेपट्यांना चिठ्ठ्या बांधल्या, मासे पिशवीत घालून माझ्या वरच्या कप्प्यात ठेवले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत शालिनी मॅडमनी गुरुवारपासून जागा कबूल केली होती. अमावास्या गुरुवारची, म्हणजे शुक्रवारी श्रावण. त्याच्या आत मासे घराबाहेर. पोरीनं मोबाइलवर बघून सगळं बिनचूक ठरवलं होतं.

सुनयनाबाई तेव्हा मंगळागौरीच्या खेळांच्या तालमीला गेल्या होत्या. म्हणून हिनं चिठ्ठी लिहिली. ‘आई, वरच्या पिशवीतले बारा मासे प्लीज शिजवू नकोस. पुरावा आहे. गुरुवारी नेते.’ माझ्या दारावर लावली आणि निर्धास्त झाली. आई घरी आल्यावर तोंडानं सांगावं की नाही? पण चिठ्ठी लावली ना, मग बोलायचं कशाला! अर्ध्या तासानं हेरंबराव ऑफिसातून आले. हातात सोसायटीची नोटीस, बुधवारी पाणी उशिरा येईल म्हणून. लोहचुंबक उचलला. नवीन कागद वर.

मी घरघरलो. काय करणार दुसरं? अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून थरथरलो. हेरंबराव म्हणाले, “याला आता एक्सचेंजमध्ये द्यायला हवा.”

बुधवारी स्वप्नाली सकाळच्या मेट्रोनं गेली. आणि दुपारी सुनयनाबाईंनी पदर खोचला. त्यांचा हिशोब सरळ होता. अमावास्येला गटारी, म्हणजे श्रावणाआधी मासे-मटण पोटभर खाऊन घ्यायचा दिवस. पण यंदा अमावास्या गुरुवारी, आणि गुरुवारी आपल्याकडे चालत नाही. तर गटारी बुधवारी! यात विचारायचं काय? मोबाइलला तिथी कळते हो, सुनयनाबाईंचा गुरुवार त्याला कुठून कळणार? त्यांनी कॅन्टोन्मेंटमधल्या आपल्या भावाला, सुभेदार मल्हारीमामांना, फोन करून जेवायला बोलावलं आणि माझा वरचा कप्पा उघडला.

“अगं बाई, एवढे मासे! पोरीनं आईचा विचार केला हो.”

मी पुन्हा थरथरलो. डोक्यावरची लोणच्याची बरणी पार कडेला आली. बाईंनी ती सावरली, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, “शांत हो रे बाबा. तुलाच धुवायला काढलाय.” स्पिरिटच्या वासाच्या नळ्यांना त्या कधी हात लावत नसत. तेवढा एक डबा बर्फाच्या भांड्यात बसवून बाजूला ठेवला. बाकी सगळे मासे पातेल्यात, कोकम आणि तिरफळ घालून. मला बंद करून, दार सताड उघडून पुसत होत्या. उघड्या पोटानं मी समोरच्या गॅसवर ते कालवण उकळताना बघत होतो. असं दुःख शत्रूलाही नको.

स्वप्नाली परतली तेव्हा मल्हारीमामा तिसरी वाढ घेत होते. “ये ये, पोरी! काय बांगडा आणलायस, वा!”

तिनं पातेलं पाहिलं, आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग ओरडली, “कुणीही ताट उचलू नका!”

मामांचा घास तोंडातच राहिला. तीस वर्षांच्या नोकरीत असा हुकूम त्यांना कुणी दिला नसेल.

“आई, चिठ्ठी लावली होती मी! शिजवू नकोस म्हणून!”

“कुठली चिठ्ठी?”

पाणी उशिरा येण्याची नोटीस उचलली, खाली चिठ्ठी निघाली. हेरंबराव चष्मा पुसायला लागले. सुनयनाबाईंनी ती वाचली, एकदा वाचली, पुन्हा वाचली, आणि मटकन खाली बसल्या. मग उठून एक वाटी घेऊन आल्या. वाटीत नंबराच्या बाराही चिठ्ठ्या धुऊन, दोऱ्यांसकट. “मला वाटलं, तुला लागतील,” एवढंच म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. स्वप्नालीही रडायला लागली. “संपलं यार, आई. ॲडमिशन गेली माझी.” मला फार वाईट वाटलं. मी त्या पोरीला दात पडल्यापासून ओळखतो.

रडून झाल्यावर ती नाक पुसून उभी राहिली. नळ्या शाबूत होत्या. शिजलेल्या माशाच्या काट्यातही तेच जनुकांचं लिखाण राहतं, थोडं तुटकं फुटकं असलं तरी. कुठला काटा कुठल्या नळीचा, हे जुळवता आलं तर? तिनं पातेलं आणि ताटं उपसली. अकरा माशांचे सांगाडे निघाले. बाराव्याचा पत्ताच नाही.

“मामा, तुम्ही काटे कुठे टाकलेत?”

“काटे टाकायचे असतात?” मामांनी विचारलं. मग त्यांना उमगलं, आणि ते खुर्चीतून ताडकन उठले. “माझ्यामुळे नुकसान झालंय का? एक्स-रे काढू?”

गुरुवारी सकाळी ती नळ्या आणि सांगाड्यांचा डबा घेऊन प्रयोगशाळेत गेली. नळ्या ठेवून आली आणि डबा परत घेऊन आली. तिथल्या फ्रीझरवर पाटी होती, ‘अन्नपदार्थ ठेवू नयेत’. शालिनी मॅडमनी डबा उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, “सॉरी, हा अन्नपदार्थ आहे. तिरफळ घातलंय यात.” तपासणीच्या यंत्रावर नंबर बारा दिवसांनी होता. तोवर काटे गारच राहायला हवेत, नाहीतर कुजतील.

म्हणजे श्रावणात, धुतलेल्या, लिंबाच्या पाण्यानं पुसलेल्या माझ्या पोटात माशाचे काटे. स्वप्नाली डबा हातात धरून दारात उभी. सुनयनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग माझं दार उघडलं, दुधाचं पातेलं काढलं, दही काढलं, फुलांची पिशवी काढली, आणि सगळं घेऊन चतुर्वेदी आंटींच्या दारात गेल्या. “दीदी, बारह दिन आपके फ्रिज में रख लीजिए.” परत येऊन म्हणाल्या, “ठेव गं तुझा डबा.”

“आई, पण श्रावण...”

“देवाला दही समोरच्या घरून आणता येतं. तुला जागा कुठून आणू मी?”

बारा दिवस त्या रोज सकाळी अंघोळ करून, वाटी घेऊन, समोरच्या घरी आपलंच दही मागायला गेल्या. आंटी एकदाही हसल्या नाहीत. उलट एका वाटीच्या त्यांनी गुपचूप दोन वाट्या करून दिल्या. माझा जन्मातला पहिला श्रावण मोडला. मला त्याचं काही वाटलं नाही, खरंच सांगतो.

स्वप्नाली टूथब्रश घेऊन एकेक काटा घासत बसायची. मल्हारीमामा रविवारी आले, खुर्ची ओढली आणि हळूच म्हणाले, “बारावा मासा मी बाजारातून आणून देतो. तसलाच, तेवढाच. चिठ्ठी बांध आणि मोकळी हो. कुणाला कळणार आहे?”

हेरंबरावांनीही दुजोरा दिला. “तक्त्यात रकाना रिकामा ठेवू नये गं. लोक तिथंच बोट ठेवतात.”

ती क्लासच्या फॉर्मकडे बघत होती. मग म्हणाली, “नको. बाजारात ज्या नावानं विकतात तो मासा तोच नसतो, हे सांगायला मी निघाले, आणि मीच नकली मासा ठेवू?” हेरंबराव उठून गॅलरीत गेले.

मुलाखत व्हिडिओवर झाली. वायफाय सगळ्यात चांगलं माझ्या शेजारी येतं, म्हणून टेबल माझ्याजवळ. सुनयनाबाई दाराआड. मी कंप्रेसर बंद केला आणि श्वास धरून उभा राहिलो. आतलं दूध नासलं तरी चालेल, म्हटलं.

पलीकडे तीन परीक्षक होते. त्यातल्या टक्कल असलेल्यांनी विचारलं, “बारा अख्खे मासे कुठे आहेत?”

“सर, माझ्या घरच्यांनी खाल्ले.”

एका बाईंनी चष्मा काढला. “खाल्ले म्हणजे?”

मग तिनं सगळं सांगितलं. अमावास्या, गुरुवार, नोटीस, कालवण, घासलेले काटे. अकरा काटे अकरा नळ्यांशी जुळले. बारांतले चार मासे भलत्याच नावानं विकले गेले होते. दाराआडून सुनयनाबाई पुटपुटल्या, “मला तरी वाटलंच, त्या सुरमईला चव नव्हती.”

“आणि बारावा?” टकलूंनी विचारलं.

“त्याचं नाव नळीवरून कळलंय, सर. पण तो मासा माझ्याकडे नाही. काटेसुद्धा नाहीत. म्हणून तो रकाना मी कोरा ठेवलाय.”

“दुसरा आणता आला असता.”

“हो सर. आला असता.”

टकलूंनी काहीतरी लिहून घेतलं. बाईंनी शेवटी एकच विचारलं, कालवणाला कोकम किती घातलं होतं. त्याचा जनुकांवर परिणाम होतो म्हणे. हे उत्तर दाराआडून आलं, मराठीत, आणि चांगलं सविस्तर आलं.

चौथ्या दिवशी पत्र आलं. दोन जागांतली एक स्वप्नालीची. हेरंबरावांनी पत्राची छापील प्रत काढून आणली, माझ्यापाशी आले आणि सवयीनं वर लावायला गेले. मग थांबले. खालचे सगळे कागद त्यांनी एकेक करून काढले, क्लासचा फॉर्मही काढला, चार घड्या घालून खिशात ठेवला, आणि मोकळ्या दारावर ते एकच पत्र लावलं. मल्हारीमामांनी फोनवर इतक्या मोठ्यानं ‘शाब्बास’ म्हटलं की कंप्रेसरला पुन्हा धाप लागली.

गौरी-गणपती झाले आणि ती गेली. तिथं तिच्या नळ्या ठेवायला उणे ऐंशीचा फ्रीझर आहे म्हणे. उणे ऐंशी! मी भर जानेवारीत, कुणी दार उघडलं नाही तर, फार तर उणे दहाला जातो. स्वप्नाली फोनवर त्याचं कौतुक सांगते आणि सुनयनाबाई माझ्याकडे बघतात. जळतो मी, खोटं कशाला बोलू. माझं म्हणाल तर दिवाळीला मला बदलायचं चाललंय. दोन दारांचा येणार आहे. येऊ दे.

पण जाण्याआधी त्या उणे ऐंशीवाल्याला एक सांगायचंय. बाबा रे, तू मोठा. तुझ्यात हजारो नळ्या, आणि शंभर वर्षांनीही तुझ्यातलं काही नासायचं नाही. आमच्या पोरीचं काम नीट सांभाळ. फक्त एक आहे. कामात असली की ती जेवायचं विसरते. मग तहानभुकेनं येते आणि दार उघडून नुसती उभी राहते. माझ्यात तेव्हा झाकलेली एक वाटी असायची, तिच्या आईनं ठेवलेली. तुझ्यात ती नसेल. तर पोरगी तशी उभी राहिलेली दिसली, की जरा घरघर कर, मोठ्यानं कर, म्हणजे कुणीतरी येऊन तिला विचारेल, जेवलीस का गं.